दोन लेंग्यांचं घर: स्वीडनमधल्या एका नव्या फार्महाऊसची फेरी (नकाशासकट, जमेल तसा)

पाऊलवाट

मागे "नॉर्डिक इंटिरियर" वर जो धागा पेटला होता त्यात मी म्हटलं होतं की एखादं खरंखुरं घर बघून आले की सविस्तर लिहीन, तर हा तो धागा. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने स्कोनेमध्ये, म्हणजे स्वीडनच्या अगदी दक्षिण टोकाला, शेताच्या कडेला नवीन घर बांधलंय. आम्ही माल्मोहून गेलो, मुक्काम केला, आणि मी निर्लज्जासारखी टेप घेऊन फिरले. फोटो त्यांचे आहेत त्यामुळे टाकत नाही, शब्दांतच भागवून घ्या.

आधी एक शब्द सांगते, हसायचं नाही. शेतघराच्या लांबट इमारतीला स्वीडिशमध्ये "लेंगा" म्हणतात. हो, लेंगाच. स्कोनेतली जुनी शेतघरं चार लेंग्यांची असायची, मधे चौकोनी अंगण आणि चारी बाजूंनी एकेक लांब बुटकी इमारत, एकीत माणसं आणि बाकीच्यांत गुरं, धान्य, गवत, अवजारं. हा सगळा सपाट प्रदेश आणि वारा सुटला की अडवायला काही नाही, म्हणून इमारतींनीच वारा अडवायचा.

या नव्या घरात राहायचे दोनच लेंगे आहेत. दोन्ही पूर्व-पश्चिम, एकमेकांना समांतर, पण पूर्ण समोरासमोर नाहीत. दक्षिणेचा लेंगा १८ मीटर लांब, त्यात स्वयंपाकघर, जेवायची जागा, बैठक. उत्तरेचा १४ मीटर, तो पश्चिमेकडे सरकवलेला, त्यात झोपायच्या खोल्या. जिथे दोघं थोडे समोरासमोर येतात तिथे तीन मीटरचा काचेचा जोड. वरून बघितलं तर झेड अक्षरासारखं दिसेल. पूर्वेला गाडी आणि लाकडं ठेवायची एक शेड आहे, ती धरली तर तीन लेंगे.

आणि मुख्य गोष्ट, दोन्ही लेंग्यांची रुंदी बाहेरून सहा मीटरसुद्धा नाही, ५.८ आहे! मी आत्तापर्यंत या स्टाईलचा अर्थ पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, मेंढीचं कातडं टाकलेली खुर्ची असाच घेत होते. दोन दिवस राहिल्यावर वाटलं की ते सगळं काढून टाकलं तरी घर तेच राहील, पण रुंदी दहा मीटर केली तर मात्र घर मेलं.

कारण उजेड. स्कोने ५५-५६ अक्षांशावर, डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम ११ अंश. म्हणजे २.१ मीटर उंचीच्या खिडकीतून येणारं ऊन जमिनीवर जवळजवळ ११ मीटर आत जाऊ शकतं. घराची आतली रुंदी पाच मीटर. तर ते ऊन खोली ओलांडून समोरच्या उत्तरेच्या भिंतीवर चढतं. आम्ही गेलो तेव्हा नोव्हेंबरचा शेवट होता, अकराच्या सुमाराला ओट्यामागच्या भिंतीवर अख्खी खिडकी उमटली होती आणि ती हळूहळू सरकत होती, मी भांडी पुसायची सोडून तेच बघत बसले.

आता आत शिरू. दारं दोन. एक मुख्य, काचेच्या जोडात, ते उघडलं की आरपार मागचा लाकडी डेक दिसतो. दुसरं दक्षिणेच्या लेंग्याच्या पूर्व टोकाला, त्याला ग्रूव्हआन्त्रे म्हणतात, शब्दशः रांगडं प्रवेशद्वार. पहिल्या दिवशी आम्हाला मुख्य दाराने घेतलं, पण घरचं कोणी ते दार वापरताना मला दिसलं नाही.

ग्रूव्हआन्त्रे ही या घरातली माझी सगळ्यात लाडकी खोली. साधारण दहा चौरस मीटर, आणि घरातली सगळी घाण, ओल, थंडी इथेच अडते. खाली खरबरीत टाईल्स, जमिनीला उतार आणि मधे जाळी, त्यामुळे चिखलाचे बूट घेऊन तसंच यायचं आणि पाणी मारायचं. खुंट्या दोन उंचीवर, मोठ्यांच्या आणि पोरांच्या. एक कपाट आहे ज्यात गरम हवा फिरते, बर्फात लोळून आलेले पोरांचे ओव्हरऑल त्यात टांगले की सकाळी कोरडे. कुत्र्याचे पाय धुवायला खाली शॉवर. वॉशिंग मशीन इथेच, हीट पंप इथेच, व्हेंटिलेशनचं यंत्र इथेच, फ्लोअर हीटिंगचे सगळे व्हॉल्व इथेच. एक दार अंगणात, एक कोठीच्या खोलीत आणि तिथून स्वयंपाकघरात. म्हणजे बाजारहाट गाडीतून थेट कोठीत, बैठकीतल्या कोणाला पत्ताही लागत नाही.

पुढचं उद्या लिहिते, मुलगी उठली.

खिडकीतली_मांजर

लेंगा 😂😂 मी आत्ता ऑफिसात मोठ्याने हसले. पण लिहीत रहा गं, मस्त चाललंय. एक शंका, सहा मीटर रुंदी फक्त उजेडासाठी का? स्वस्तही पडत असेल ना?

निमआर्किटेक्ट

@मांजर, मूळ कारण उजेड नव्हतंच. जुन्या घरांची रुंदी तुळईने ठरवली. एका लाकडाने एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचायचं, आणि वर उभं पाखं, खाली जेवढी रुंदी वाढेल तेवढं वर आढं उंच जाणार आणि तेवढं जास्त लाकूड आणि जास्त वारा. मग घर मोठं करायचं तर रुंद नाही, लांब करायचं. आज इंजिनिअर्ड लाकडाचे बीम मिळतात, दहा मीटरही सहज जातात, तरी रुंदी तीच ठेवतात, ती आता पाऊलवाट म्हणतायत त्या उजेडासाठी. कारण बदललं, माप तेच राहिलं.

मी नॉर्वेत असतो. इथे स्कोनेसारखं बंदिस्त चौकोनी अंगण क्वचित दिसतं, इथे "तून" म्हणजे अंगणाभोवती सुट्या सुट्या छोट्या इमारती, प्रत्येकीचं काम वेगळं. त्यातलं धान्याचं स्टाबूर खांबांवर उचललेलं असतं, उंदीर चढू नयेत आणि ओल लागू नये म्हणून. इथले नवे फार्महाऊसवाले तीच कल्पना घेतात, एक मोठं घर न बांधता दोन-तीन छोटी खोकी.

आजीचा_बटवा

पाऊलवाट, तुझं ग्रूव्हआन्त्रे म्हणजे आमच्या डेन्मार्कातलं "ब्रुगर्स" बरं का. शब्द आलाय बिअर गाळण्यावरून. पूर्वी शेतघरात बिअर घरीच करायचे, ती करायची आणि कपडे धुवायची ती खोली, कारण दोन्हीला मोठी चूल आणि भरपूर पाणी लागायचं. बिअर गेली, कपडे राहिले. आमच्या घराला मुख्य दार आहे आणि त्यातून वर्षातून फक्त मीटरवाला येतो.

टकमक

मला एक कळत नाही, हे सगळे लोक पांढऱ्या खोक्यात राहून कंटाळत कसे नाहीत? हॉस्पिटल वाटतं मला. आणि "मॉडर्न फार्महाऊस" म्हणून जे इन्स्टावर दिसतं, पांढरी उभ्या पट्ट्यांची भिंत आणि काळ्या खिडक्या, ते हेच ना?

पाऊलवाट

@टकमक ते अमेरिकन. चुलत भावंडं म्हणा फार तर. तिकडे पुढे मोठा व्हरांडा, छताला चारपाच ठिकाणी त्रिकोण, पुढे आलेल्या वळचणी. इथे छत म्हणजे एकच सरळ त्रिकोण या टोकापासून त्या टोकापर्यंत, मुलं काढतात तसं घर. वळचणी जवळजवळ नाहीतच. आणि हे घर बाहेरून पांढरं नाहीये, काळं आहे, पाईनच्या डांबराचा वास अजून येतो जवळ गेलं की.

पांढऱ्याबद्दल: आतला रंग शुद्ध पांढरा नाही. स्वीडनचं स्वतःचं रंगमोजणीचं कोष्टक आहे, एनसीएस, त्यात ०५०२-वाय म्हणून एक पांढरा आहे, थोडा पिवळसर, तो इथे घरोघरी. हिवाळ्यात बाहेरचा उजेड निळसर करडा असतो, त्यात शुद्ध पांढरी भिंत प्रेतासारखी दिसते, म्हणून चिमूटभर पिवळा. माझ्या घरी मी हौसेने "एकदम व्हाईट" लावला होता, दुसऱ्या हिवाळ्यात खरवडून काढला.

असो, फेरी पुढे.

कोठीतून स्वयंपाकघर. इथून पश्चिमेच्या टोकापर्यंत सलग एकच खोली, वर छत नाही, थेट आढ्यापर्यंत मोकळं, टेपने मोजलं ४.६ मीटर. हे काही नवीन फॅड नाही म्हणे, जुनी एकखोलीची "रुग्गोस-स्तूगा" अशीच असायची, माळाच नाही, आत उभं राहिलं की वर छपराची आतली बाजू.

पण ते १२ मीटर सलग असूनही हॉल वाटत नाही, आणि मी बराच वेळ विचार करत होते की का. मधे विटांची भट्टी आहे, त्यामुळे. काकेलुन म्हणजे खोली उबदार ठेवणारी जुनी स्वीडिश भट्टी, तिची नवी आवृत्ती. ती छतापर्यंत जात नाही, भिंतींना टेकत नाही, मधेच उभी, दोन्ही बाजूंनी जायला वाट. अलीकडे ओटा आणि जेवायचं टेबल, पलीकडे सोफे. ओट्याशी उभं राहिलं तर सोफ्यावर बसलेल्यांचे फक्त पाय दिसतात. दार नाही, भिंत नाही, तरी दोन खोल्या. आणि काचेचा जोड बरोबर या भट्टीच्या बाजूला येऊन मिळतो, म्हणजे झोपायच्या खोल्यांतून येणारा माणूस ना टेबलवाल्यांच्या मधे येतो ना टीव्हीच्या.

टेबल दक्षिणेच्या खिडक्यांना लागून, तीन मीटर लांब. खिडकीचा कट्टा जमिनीपासून ४५ सेंटीमीटर, आणि भिंत ४० सेंटीमीटरपेक्षा जाड, त्यामुळे कट्ट्यावर मांडी घालून बसता येतं, एका बाजूला खुर्च्या मांडायचीच गरज नाही. इन्सुलेशनसाठी जाड केलेली भिंत, तिचंच बाक.

दिवे! वरती एकही छताचा दिवा नाही. टेबलावर दोन दिवे लोंबते, टेबलापासून ६० सेंटीमीटरवर, इतके खाली की उभं राहिलं तर बल्ब दिसत नाही आणि बसलं तर समोरच्याचा चेहरा झाकत नाही. बाकी प्रत्येक खिडकीत एक छोटा दिवा, तो रात्री चालूच. मला आधी अंधार वाटला, मग डोळे सरावले.

निमआर्किटेक्ट

दिव्यांचं एक तांत्रिक कारणही आहे. माळा नसलेल्या छपरात आतल्या बाजूने प्लास्टिकचा बाष्परोधक पडदा असतो. घरातली दमट हवा तो पडदा ओलांडून थंड भागात गेली की तिथे पाणी होतं आणि लाकूड कुजायला लागतं. छतात बसवायच्या प्रत्येक दिव्यासाठी पडद्याला भोक पडायची भीती. पडद्याच्या आत वायरिंगसाठी वेगळी पोकळी ठेवली तर करता येतं, पण शहाणा सुतार म्हणतो दिवा भिंतीवर घ्या.

आणि काकेलुनचा किस्सा सांगतो, कारण तो खरंच भारी आहे. १८व्या शतकात स्वीडनमध्ये लाकूड कमी पडायला लागलं, उघड्या शेकोटीत बहुतेक उष्णता धुराड्यातून बाहेर. तेव्हा सरकारी सांगण्यावरून कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे या दोघांनी १७६७ मध्ये सुधारित भट्टी मांडली, धूर सरळ वर न सोडता आतल्या आत नळ्यांतून वर-खाली-वर फिरवायचा. तेवढ्यात विटा तापतात आणि मग विस्तव विझल्यावरही कित्येक तास ऊब देत राहतात. तेव्हापासून मोठ्या घरातल्या सगळ्या खोल्या हिवाळ्यात वापरता यायला लागल्या. त्याआधी सगळे एकाच आगीभोवती.

घुम्या

सगळं छान आहे पण आवाजाचं काय? ४.६ मीटर छत, लाकडी जमीन, काच, विटा. दोन पोरं आणि एक मिक्सर चालू झाला की काय होत असेल? मी असल्याच एका घरात भाड्याने राहिलोय दोन वर्षं, चमचा पडला तरी बंदूक उडाल्यासारखं.

पाऊलवाट

घुम्या, दुखती नस. त्यांनीच सांगितलं की पहिले सहा महिने संध्याकाळी सगळ्यांची डोकी दुखायची. मग पश्चिमेची त्रिकोणी भिंत आणि छताच्या एका पाख्याचा भाग लाकडी पट्ट्यांनी झाकला, पट्ट्यांच्या मागे जाड फेल्ट. खूप फरक पडला म्हणे, पण मला तरी अजून खणखणीतच वाटलं. हे नकाशातच धरायला हवं होतं असं घरमालकीणच म्हणाली. पोरांची खेळायची जागा तिने दुसऱ्या लेंग्यात नेली ती याचसाठी.

आजीचा_बटवा

उंच छताखाली पाय गार पडत नाहीत का गं? ऊब सगळी वर.

पाऊलवाट

नाही काकू, जमिनीखाली पाण्याचे पाईप आहेत, तळवे उबदार. मी तर दोन्ही दिवस अनवाणी होते. जमीन पाईनची, लाय (क्षाराचं पाणी) आणि साबणाने धुतलेली, म्हणजे वार्निश नाहीच. लाय लावली नाही तर पाईन पिवळं पिवळं पडत जातं. साबणाच्या पाण्याने पुसत राहायचं, तोच साबण लाकडात मुरतो. डाग पडतात, त्याचं त्यांना काही नाही.

आजीचा_बटवा

साबणाची जमीन आमच्याकडेही. पहिल्या वर्षी जिवापाड जपली, मग सोडून दिलं, आता छान दिसते.

खिडकीतली_मांजर

झोपायच्या खोल्या राहिल्या की!

पाऊलवाट

हो. काचेचा जोड ओलांडला की उत्तरेचा लेंगा. इथे एकदम छत खाली येतं, २.४ मीटर, वर माळा. मोठ्या खोलीतून आल्यावर हे बुटकेपण फार बरं वाटतं, आवाज आपोआप खाली येतो. उत्तरेच्या भिंतीला लागून लांब पॅसेज, त्यात सलग कपाटं आणि मधे मधे खिडक्या, आणि खोल्या सगळ्या दक्षिणेला. खोल्या लहान, मुलांच्या नऊ-नऊ चौरस मीटर, पलंग, टेबल, संपलं. कपडे सगळे पॅसेजमध्ये. न्हाणीघर म्हणजे ओली खोलीच, भिंतीपासून जमिनीपर्यंत सगळं वॉटरप्रूफ, उतार, जाळी, टब-बिब नाही.

पॅसेज उत्तरेला म्हणजे कधीच ऊन नाही असं मला वाटलं होतं. तर नाही! जूनच्या अखेरीला इथे सूर्य बरोबर वायव्येला मावळतो आणि तेही रात्री दहाच्या जरा आधी, म्हणजे पोरांना झोपवायच्या वेळी पॅसेजमध्ये लखलखीत ऊन. म्हणून मुलांच्या खोल्यांची दारं भरीव, आणि खिडक्यांना काळे पडदे.

टकमक

मग छज्जा का नाही काढत? ऊन अडेल की.

निमआर्किटेक्ट

छज्जा डोक्यावरचं ऊन अडवतो, नाकासमोरचं नाही. इथे त्रास देणारा सूर्य संध्याकाळचा, तो जवळजवळ आडवाच येतो. त्याला बाहेरून खाली येणारा पडदाच हवा, आतला पडदा लावून उपयोग नाही, तोवर काचेतून ऊब आत आलेली असते.

घुम्या

काचेच्या जोडाबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. आमच्या त्या भाड्याच्या घरात असाच जोड होता. थंडीत काचेच्या खालच्या कडेला रोज सकाळी पाणी, एका कोपऱ्यात बर्फ. बांधणाऱ्याला तीनदा बोलावलं, तो प्रत्येक वेळी "तुम्ही स्वयंपाक जास्त करता" म्हणून गेला!

निमआर्किटेक्ट

हाहा. स्वयंपाकाचा काही संबंध नसणार, काच आणि जमीन जिथे भेटतात तिथे इन्सुलेशन तुटलेलं असणार. पण सरसकटही खरं आहे की तीन थरांची चांगली खिडकी धरली तरी तिच्यातून तेवढ्याच आकाराच्या चांगल्या भिंतीच्या पाचपट उष्णता जाते. तो जोड ही सौंदर्यासाठी मोजलेली किंमत आहे, ती किंमत नाही असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि अजून एक, दोन उताराची छपरं जवळजवळ आणि मधे सपाट जोड, म्हणजे दोन्हीकडचा बर्फ घसरून त्या जोडाच्या छतावर. तिथे छपरावर बर्फ अडवायच्या दांड्या आहेत का बघितलंस का, पाऊलवाट?

पाऊलवाट

आहेत, दोन ओळी. आणि मुख्य दार आत खोबणीत घेतलंय, इथे बाहेरची दारं बाहेरच उघडतात ना, समोर बर्फ साचला तर दार हलायचं नाही.

रवाळ

वाचनमात्र होतो, आता राहवत नाही. रंग लाल का नाही घेतला? स्वीडिश फार्महाऊस म्हटलं की लाल भिंत पांढऱ्या कडा.

पाऊलवाट

तो फालूनचा लाल. तिथल्या तांब्याच्या खाणीच्या टाकाऊ मातीतून तो रंग निघतो, खाण १९९२ ला बंद झाली पण रंग अजून बनतो. पाणी, पीठ, जवसाचं तेल, लोहाचं सल्फेट आणि ती माती, एवढंच. पीठ म्हणजे खरोखर राईचं किंवा गव्हाचं पीठ, खळ शिजवतात तसं शिजवायचं. मी घरमालकांना विचारलं लाल का नाही, तर म्हणे स्कोनेतली जुनी घरं मुळात लाकडी लाल नव्हतीच, लाकडी चौकटी आणि मधे माती-विटा, वर चुना. लाल म्हणजे उत्तरेचा जंगलवाला स्वीडन. मग काळं तरी स्कोनेचं कुठे आहे हे मी विचारलं नाही, जेवण चालू होतं.

रवाळ

😄 बरं आता खरी शंका, म्हणून लॉगिन केलं. दक्षिणेचा लेंगा आढ्यापर्यंत सहा मीटर तरी असेल बाहेरून. सूर्य ११ अंशावर. म्हणजे सावली ३० मीटर. आणि उत्तरेचा लेंगा तीन मीटरवर! मग त्या दक्षिणमुखी झोपायच्या खोल्यांना हिवाळ्यात ऊन कुठून येणार? त्या सगळ्या पहिल्या लेंग्याच्या सावलीत.

निमआर्किटेक्ट

अरे वा. हे मलाही सुचायला हवं होतं.

पाऊलवाट

रवाळ, थांब, वही बघते.

हां. म्हणूनच सरकवलाय! उत्तरेच्या लेंग्याचा पश्चिमेकडचा नऊ मीटरचा भाग पहिल्याच्या पुढे निघालेला आहे, त्याच्यासमोर काही नाही, फक्त डेक आणि शेत. मुलांच्या दोन्ही खोल्या आणि खेळायची जागा त्या भागात. समोरासमोर येणाऱ्या पाच मीटरांत न्हाणीघर आणि आईबापांची खोली. त्यांच्या खोलीत नोव्हेंबर ते जानेवारी ऊन येत नाही, समोर तीन मीटरवर काळी भिंत दिसते. मी तिला आत्ताच मेसेज करून विचारलं. ती म्हणते आम्ही त्या खोलीत उजाडायच्या आधी उठतो आणि अंधार पडल्यावर जातो, ऊन आलं तरी बघणार कोण.

रवाळ

आणि सकाळी दहा-अकराला सूर्य आग्नेयेला असतो तेव्हा? पहिल्या लेंग्याची तिरकी सावली वायव्येकडे पडेल, म्हणजे मुलांच्या खोल्यांवरच.

पाऊलवाट

विचारलं. मुलं शाळेत असतात म्हणे. आणि तुझा नंबर मागितलाय, शेड अजून पुढे वाढवायची आहे त्यांना.